सॅम की डीन, यावरून भांडणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

उपवन तलावाच्या पायऱ्यांवर आपली गेली भेट ज्या पद्धतीने संपली, त्यानंतर ग्रुपवर शुकशुकाट आहे. आपल्यातले दोघे जण, जे वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी गणपतीला जेवायला जातात, ते आता एकमेकांचे फोन उचलत नाहीत. आणि निमित्त काय, तर ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेचा शेवट. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला हसू येईल. मला येत नाही. भांडण मालिकेवरून सुरू झालं खरं, पण शेवटी ते मालिकेचं उरलं नव्हतं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी कळलं होतं.

हे मी ग्रुपवर न टाकता उघडपणे लिहिते आहे, कारण हे आपल्यापुरतं नाही. ‘सुपरनॅचरल’वरून असेच दोन तट मी ऐरोलीत ऑफिसच्या कँटीनमध्ये पाहिलेत, वाशीला सागर विहारच्या कट्ट्यावर पाहिलेत. ठाणे-वाशी लोकलच्या महिला डब्यात दोन कॉलेजच्या मुली रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत याच शेवटावर तावातावाने बोलत होत्या आणि उतरताना एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. माणसं ज्या गोष्टीसाठी अशी रडतात, ती मी क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच तुमच्याशी नीट बोलायचं आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही पण आपल्या वादामुळे ज्यांचे कान किटलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झालेली ही मालिका १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. १५ सीझन, ३२७ भाग. डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोन भाऊ १९६७ सालच्या काळ्या इम्पाला गाडीतून अमेरिकाभर फिरतात आणि भुताखेतांची, राक्षसांची शिकार करतात. डीन थोरला, सॅम धाकटा. आई सॅमच्या पाळण्यावरच्या छताला जळून गेली, बाप सूड घेण्यासाठी शिकारी झाला आणि पोरं मोटेलच्या खोल्यांतून वाढली. शेवटच्या सीझनमध्ये दोघं प्रत्यक्ष देवाला हरवतात. आणि त्यानंतरच्या भागात, एका साध्याशा शिकारीत, खांबातून बाहेर आलेली लोखंडी सळई पाठीत घुसून डीन मरतो. सॅम जगतो, संसार करतो, मुलाचं नाव डीन ठेवतो, म्हातारा होऊन मरतो, आणि मग स्वर्गात एका पुलावर दोघं भेटतात.

यावर आपल्यातल्या निम्म्यांचं म्हणणं: हा विश्वासघात आहे. जो माणूस नरकातून परत आला, परलोकात वर्षभर लढला, देवापुढे उभा राहिला, त्याला सळईवर मारायचं? पंधरा वर्षं स्वातंत्र्यासाठी झगडायला लावून ते मिळाल्यावर चार दिवस जगू द्यायचं नाही? उरलेल्यांचं म्हणणं: शिकाऱ्याचा शेवट असाच होतो, डीन स्वतः कितीदा तसं म्हणाला होता. काही जण मधला रस्ता काढतात: शेवटचा भाग मोजायचाच नाही, देव हरला तिथे मालिका संपली असं समजायचं. आणि आपले जुनेजाणते म्हणतात, मालिका १३ मे २०१० लाच संपली, पाचव्या सीझनसोबत. मालिकेचा जनक एरिक क्रिपकीने ती मुळात तेवढीच योजली होती, पुढचं सगळं वाढवलेलं.

इथपर्यंत वाद छान आहे. तो शंभर वेळा व्हावा. उपवनला काय झालं? आपला ऐरोलीचा मित्र म्हणाला की डीनने सॅमला कधी मोठंच होऊ दिलं नाही, त्यामुळे डीन मेल्याशिवाय सॅमला आयुष्य मिळणारच नव्हतं. त्यावर आपल्या कोपरीच्या मित्राने, जो आयुष्यभर दादाच राहिलाय, ताडकन उत्तर दिलं की तू सॅमच आहेस, तुझी आई आजारी होती तेव्हा तूही बेंगळुरूलाच होतास. मग पहिला उठला, बॅग उचलली आणि वर्तकनगरच्या दिशेने चालू पडला. कुणी त्याला थांबवलं नाही.

मी तेव्हापासून मनात मोजणी करते आहे. आपल्यात जे जे डीनच्या बाजूने बोलतात, ते जवळजवळ सगळे घरातले थोरले आहेत. सॅमच्या बाजूचे बहुतेक धाकटे. आम्ही बहिणी कुठल्याच बाजूला धड बसत नाही. मी स्वतः दोन भावांच्या मधली आहे. माझ्या थोरल्या भावाने वडील गेल्यावर शिक्षण सोडून वागळे इस्टेटमध्ये नोकरी धरली, धाकट्याची इंजिनिअरिंगची फी भरली. धाकटा पुण्याला गेला, तिथलाच झाला. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा थोरल्याने त्याच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवलं. ‘तुझ्यासाठी मी काय केलं’ आणि ‘मी कुठे मागितलं होतं’ ही दोन वाक्यं त्या दिवशी आमच्या घरात बोलली गेली. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात ती बोलली गेली आहेत, हे मला विचारायची गरज नाही. नौपाड्यातल्या, कळव्यातल्या, कोपरखैरण्यातल्या किती घरांत ती रोज गिळली जात असतील.

तेव्हा सॅम आणि डीनवर बोलताना आपण कुणावर बोलत असतो, हे आपल्याला माहीत आहे. मालिकेने आपल्याला एवढ्या आत हात घालू दिला, याचा मला अभिमानच वाटतो. पण म्हणूनच मालिका नीट पाहिली पाहिजे. आणि माझं म्हणणं असं आहे की दोन्ही तटांनी ती नीट पाहिलेली नाही.

पहिल्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांकडे परत जा. २ नोव्हेंबर १९८३ ची रात्र. घर पेटलंय. बाप सहा महिन्यांचं बाळ चार वर्षांच्या मुलाच्या हातात देतो आणि सांगतो की भावाला घेऊन बाहेर पळ, मागे वळून पाहू नकोस. त्या रात्री दुसरा इलाजच नव्हता. पण आग विझली तरी तो हुकूम काही जॉन विंचेस्टरने मागे घेतला नाही. पुढची सगळी वर्षं चार वर्षांचं ते पोर बाळाला उचलून धावतच राहिलं.

पहिल्याच सीझनमध्ये एक भाग आहे, त्याकडे वादात कुणी वळत नाही. बाप शिकारीला गेलाय, डीन लहान आहे, मोटेलच्या खोलीत सॅमला सांभाळतोय. कंटाळून जरा वेळ बाहेर जातो. परत येतो तर एक चेटकीण सॅमवर ओणवलेली. बाप वेळेवर पोचतो, सॅम वाचतो. डीन मोठेपणी सांगतो की बाप त्या प्रसंगावर पुन्हा कधी बोलला नाही, पण त्यानंतर त्याची आपल्याकडे बघायची नजर बदलली. मी तो भाग पाहिला तेव्हा मला माझा थोरला भाऊ दिसला. मी आणि धाकटा अंगणात पडलो, खरचटलं, की मार त्याला बसायचा. तो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ आपल्याकडे थोरल्याला विचारला जाणारा हा प्रश्न किती सहज विचारला जातो.

पुढे मरताना तरी जॉन काही सोडवून जाईल, तर तेही नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो डीनचा जीव वाचवायला स्वतःचा आत्मा देतो आणि जाता जाता कानात सांगून जातो की सॅमला वाचव, आणि वाचवता आलं नाही तर मारायचंही तुलाच आहे. बापाने शेवटचा श्वास घेताना थोरल्याच्या कानात काय सांगावं याला आपल्याकडेही परंपरा आहे. ‘आता तूच मोठा, सगळ्यांना सांभाळ.’ लोक ते वाक्य कौतुकाने सांगतात. ज्याच्या कानात ते पडतं, त्याच्या खांद्यांकडे कुणी बघत नाही.

आता आपण ज्याला डीनचे गुन्हे म्हणतो ते याच्या शेजारी ठेवा. सॅमला कुणी सुरा खुपसून मारतं, डीन स्वतःचा आत्मा गहाण टाकतो आणि एक वर्षाने नरकात जातो. सॅमला विचारलं का? नाही. नवव्या सीझनमध्ये सॅम मरणाच्या दारात आहे, स्वतः जायला तयार झालाय. डीन फसवून त्याचा होकार मिळवतो आणि एका देवदूताला त्याच्या शरीरात शिरू देतो. त्या देवदूताने सॅमच्याच हातांनी त्यांच्या तरुण साथीदाराला, केव्हिनला मारलं. हे सगळं कळल्यावर सॅम त्याला सांगतो की उलटी वेळ असती तर मी असं केलं नसतं. या वाक्यावरून आपल्यात जेवढी भांडणं झाली तेवढी शेवटच्या भागावरूनही झाली नसतील. थोरल्यांना ते वाक्य कृतघ्नपणाचं वाटतं. मला ते अतिशय प्रेमाचं वाटतं. सॅम सांगतोय की माझ्या देहावर माझा हक्क आहे, आणि तुझ्या देहावर तुझा हक्क मी मानेन. डीनला ते ऐकूच येत नाही, कारण त्याच्या कानात अजून बापाचा आवाज आहे.

आणि सॅमचे गुन्हे? कॉलेजला गेला. बापाने सांगितलं, गेलास तर परत येऊ नकोस, तर तो परत आला नाही. चौथ्या सीझनमध्ये भावाला सोडून रुबी या राक्षसीवर विश्वास ठेवला आणि सैतान मोकळा सुटला. आठव्या सीझनमध्ये डीन बेपत्ता असताना त्याला शोधलं नाही. हे शेवटचं मलाही जड जातं, ते मी लपवणार नाही. पण त्याच सीझनच्या अखेरीस, मोडक्या चर्चमध्ये, आपलं सगळ्यात मोठं पाप कोणतं हे सॅम सांगतो ते ऐका. सैतान सोडवला ते तो सांगत नाही. भावाला कितीदा निराश केलं, ते सांगतो. ज्याला आपण पळून गेलेला म्हणतो, तो कुठेच पळालेला नव्हता. थोरल्याच्या डोळ्यांतली निराशा तो प्रत्येक गावाला सोबत नेत होता.

माझ्या धाकट्या भावाने पुण्याच्या घरात देवघराशेजारी थोरल्याचा फोटो लावलाय. थोरल्याला हे माहीत नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

मालिकेने शेवटच्या सीझनमध्ये एक गोष्ट उघड केली, आणि ती आपण सगळ्यांनी आपल्या अंगाला लावून घ्यावी अशी आहे. देव, म्हणजे चक, हा लेखक आहे. या दोघांची गोष्ट तो लिहितोय आणि त्याला एकच शेवट हवाय: एका भावाने दुसऱ्याला मारावं. याची तयारी मालिकेने बरीच आधी केली होती. नवव्या सीझनमध्ये केन भेटतो, बायबलमधला, ज्याने धाकट्या भावाला, एबलला मारलं. मालिकेत मात्र त्याची कथा वेगळी आहे: एबलला सैतानापासून वाचवायला त्याने एबलला मारलं, एबल स्वर्गात जावा आणि आपण नरकात, असा सौदा करून. केनच्या हातावरची शापित खूण पुढे डीनच्या हातावर येते आणि दहाव्या सीझनच्या शेवटी डीन खरोखर सॅमच्या गळ्यापर्यंत पोचतो. तरी मारत नाही. अखेरच्या सीझनमध्ये चक दोघांना पुन्हा पुन्हा त्याच टोकाला आणतो आणि दोघं पुन्हा पुन्हा नकार देतात. मार खाऊन, रक्ताळून, एकमेकांना उठवत उभे राहतात.

भावांपैकी एक हरलाच पाहिजे, ही चकची अट आहे. उपवनला आपण तीच अट धरून बसलो होतो. डीन बरोबर ठरायचा तर सॅम स्वार्थी ठरला पाहिजे. सॅम बरोबर ठरायचा तर डीन जुलमी. मालिकेतल्या दोघांनी जी मागणी ३२७ भाग नाकारली, ती आपण प्रेक्षकांनी तलावाकाठी बसून पुरी करायची? मला हे सहन होत नाही.

आता त्या गोठ्याकडे येते, जिथे डीन मरतो. तिथली सळई, ते मुखवटे घातलेले व्हॅम्पायर, हे सगळं फार किरकोळ आहे, मान्य. पण मरणाच्या कारणापेक्षा तिथे जे बोललं जातं त्याकडे लक्ष द्या. सॅम मदत आणायला धावू बघतो. डीन त्याला थांबवतो. आजवर या घरात कुणी मेलं की दुसऱ्याने लगेच सौदा करायचा, आत्मा विकायचा, मंत्र शोधायचा. इथे डीन म्हणतो, नको. मग तो एक गोष्ट सांगतो जी त्याने पंधरा वर्षं सांगितली नव्हती: पहिल्या भागात तो सॅमला न्यायला त्याच्या कॉलेजला, स्टॅनफर्डला आला, तेव्हा खोलीबाहेर कितीतरी वेळ नुसता उभा होता. धाकटा आपल्याला हाकलून देईल की काय, याची भीती वाटत होती त्याला. पहिल्या भागात आपण त्याला रात्री खिडकीतून रुबाबात शिरताना पाहिलं होतं! ज्याला आपण आयुष्यभर हुकूम देणारा समजलो, तो दाराबाहेर घाबरून उभा राहिलेला पोरगा होता. तुमच्यातल्या धाकट्यांनो, हे ऐकताना तुमच्या काळजात काही हललं नाही का?

आणि मग डीन सॅमकडे परवानगी मागतो. मला सांग की ठीक आहे. चौथ्या वर्षी बापाने दिलेला हुकूम, चाळिशी ओलांडल्यावर, ज्याच्यासाठी तो दिला होता त्याच्याच तोंडून उतरवला जातो. बाप तो उतरवू शकला असता, त्याने उतरवला नाही. देवाला तर तो उतरवायचाच नव्हता. फक्त सॅमला तो अधिकार होता. सॅम रडत रडत सांगतो की ठीक आहे, तू जा. मी हे दृश्य शेवटाचं शिखर मानते, आणि म्हणून डीनचा मृत्यू मला विश्वासघात वाटत नाही.

पाचव्या सीझनलाच संपवायला हवं होतं म्हणणाऱ्या जुन्या मंडळींना माझं उत्तर इथेच आहे. २०१० च्या शेवटात सैतान सॅमच्या देहात शिरलेला असतो, डीनला मारमार मारतो, आणि डीन म्हणत राहतो की मी इथेच आहे, तुला सोडून जाणार नाही. गाडीच्या ॲशट्रेमध्ये लहानपणी खुपसलेला खेळण्यातला सैनिक सॅमला दिसतो, तो भानावर येतो आणि सैतानासकट खड्ड्यात उडी घेतो. तो निर्णय सॅमचा होता आणि डीनने तो होऊ दिला. थोरल्याने धाकट्याला जाऊ दिलं. पण ते निम्मंच काम होतं. धाकट्याने थोरल्याला जाऊ देणं अजून बाकी होतं. त्याला आणखी दहा वर्षं लागली, त्यातली काही वर्षं कंटाळवाणी होती हेही खरं. तरी मला ती हवी आहेत.

आपल्या मराठी प्रेक्षकांना त्यापुढचं दृश्य अमेरिकन प्रेक्षकापेक्षा जास्त लागतं असं मला वाटतं. सॅम डीनची चिता रचतो आणि अग्नी देतो. मालिकेतले शिकारी देह जाळतात ते भूत होऊ नये म्हणून. आपण मात्र त्याकडे थोरल्याला धाकट्याने अग्नी दिला असंच पाहतो. आमच्या वडिलांच्या वेळी मडकं थोरल्याच्या खांद्यावर होतं आणि धाकटा दोन पावलं मागे चालत होता. कोण पुढे, कोण मागे, हे आपल्याकडे स्मशानातसुद्धा ठरलेलं असतं. सॅम तिथे एकटा उभा आहे. पुढे कुणी नाही.

आता ज्यांना शेवट आवडला नाही त्यांच्या बाजूने बोलते, कारण तुमची तक्रार खोटी नाही, फक्त ती डीनच्या मरणाला चिकटलीय. माझ्या मते मालिकेने खरा अन्याय सॅमच्या जगण्यावर केला. तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य दोन-चार मिनिटांत उरकलं. पांढरा विग, चष्मा, भिंतीवरचे फोटो. त्याची बायको दूरवर अंधूक दिसते, तिला चेहरा नाही. आयलीनचं काय झालं? ऐकू न येणारी ती शिकारी, जिची भूमिका शोशाना स्टर्न या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभिनेत्रीने केली, जिच्याशी सॅम खुणांच्या भाषेत बोलायला शिकला, तिचं नावही कुणी घेत नाही. त्यांचा देवदूत मित्र कॅस्टिएल दोनच भाग आधी डीनवरचं प्रेम उघड बोलून नाहीसा होतो, आणि शेवटच्या भागात त्याचे एक-दोन ओझरते उल्लेख. त्या प्रेमाबद्दल डीन काय विचार करतो, हे आपल्याला कधी कळलंच नाही. आपल्या ग्रुपमधली कळव्याची मैत्रीण यावर बोलली की तिला गप्प केलं जातं, ‘ही भावांची गोष्ट आहे’ असं सांगून. भावांच्या गोष्टीत बाकीच्यांना चेहरा नसावा, असं कुणी ठरवलं? घराघरांतून आम्ही बहिणी, वहिन्या, आया नेमकं हेच ऐकत आलोय.

करोनाचं कारण तुम्ही द्याल. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा शेवटचे दोन भाग बाकी होते, ऑगस्टमध्ये परत सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये निर्बंधांतच उरकलं. जुने चेहरे स्वर्गात दिसले नाहीत, ते मी त्या खाती सोडून देते. पण मालिका संपणार हे मार्च २०१९ मध्येच जाहीर झालं होतं. धाकट्याने थोरल्याशिवाय जगणं म्हणजे काय, याचा विचार करायला वेळ होता.

एक गोष्ट मात्र त्या घाईतही त्यांनी जपली, आणि ती वादात हरवते. म्हातारा सॅम अंथरुणावर आहे, मुलगा उशाशी बसलाय. मुलगा बापाला तेच सांगतो जे सॅमने डीनला सांगितलं होतं: ठीक आहे, तुम्ही आता जा. म्हणजे सॅमने मुलाला गोठ्यातली ती रात्र सांगितली असणार. जॉनने मुलाच्या हातात ओझं दिलं, सॅमने मुलाच्या तोंडी सुटका दिली. विंचेस्टर घराण्यात पहिल्यांदा एक बाप पोराच्या कानात काहीही हुकूम न सांगता गेला. हे जर वाईट लेखन असेल तर चांगलं लेखन कोणतं ते मला दाखवा.

आपल्या गावात भावांच्या गोष्टींना तोटा नाही. मध्यवर्ती कारागृहावरून आपण रोज जातो, तो ठाण्याचा किल्ला. १७३७ मध्ये तो पोर्तुगीजांकडून घेतला चिमाजी अप्पांनी, थोरल्या बाजीरावांच्या धाकट्या भावाने, आणि १७३९ मध्ये वसईही घेतली. घरात मस्तानीवरून केवढा ताण होता हे आपण सगळे वाचून आहोत. तरी बाजीराव एप्रिल १७४० मध्ये गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पा. मला कायम वाटत आलंय की त्या दोघांत न बोललेलं किती राहून गेलं असेल. इतिहास मोहिमा सांगतो, हे सांगत नाही. मालिका ते सांगू शकते, म्हणून मी मालिका बघते.

तर माझ्या मागण्या अशा.

पुढच्या भेटीत नवा शेवट लिहून वाचायचा असं आपलं ठरलं होतं. दोन्ही गट आपापला लिहिणार होते, एकात डीन जिवंत, दुसऱ्यात सॅम सुखी. तो बेत बदला. सगळ्यांनी मिळून सॅमची मधली वर्षं लिहा. डीन गेल्यावर त्याचा फोन वाजला, सॅमने तो उचलला आणि ऑस्टिनला शिकारीच्या कामाला गेला, त्यानंतर काय? मुलाचं नाव डीन ठेवताना त्याने कुणाला विचारलं? आयलीनला परत आणा, तिला चेहरा द्या, आणि तिला सॅमशी भांडू द्या. कॅस्टिएलबद्दल डीनला काय म्हणायचं होतं, ते कळव्याच्या मैत्रिणीला लिहू द्या आणि तिचं पूर्ण ऐका. थोरल्यांनी सॅमचा भाग लिहायचा, धाकट्यांनी डीनचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, यात सूट नको.

एकमेकांच्या आईबापांची आजारपणं, फ्लॅट, कर्ज यांचा उच्चार वादात कुणी करायचा नाही. ते बोलायचं असेल तर ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे जाऊन बोलावं. मीही पुण्याला जाणार आहे, थोरल्याला घेऊन. तो अजून हो म्हणालेला नाही.

आणि कोपरीच्या मित्रा, तुला वेगळं सांगते. तू चुकीचं बोललास. ऐरोलीला तू स्वतः जायला हवंस, फोन करून नाही. तो बेंगळुरूहून दर महिन्याला आईच्या औषधांचे पैसे पाठवत होता, हे तुला माहीत होतं, कारण ती औषधं तूच आणून देत होतास. तुम्ही दोघांनी मिळून त्या माउलीला सांभाळलंत. त्याला हे तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. ऐरोलीकरा, तो आला तर दार उघड.

पुढची भेट उपवनला नको. वाशीला सागर विहारला संध्याकाळी जमू, म्हणजे नवी मुंबईच्या मंडळींनाही सोयीचं होईल. सुरुवातीला पहिल्या सीझनचा मोटेलचा भाग सगळ्यांनी मिळून पाहू, लॅपटॉप मी आणते, स्पीकर कुणाकडे असेल तर ग्रुपवर कळवा.

तुमची,
दोन भावांची बहीण
ठाणे पूर्व